वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पाच वाजताची खा-खा कशी आवरावी

ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं आहे, वजन खाली येऊन थांबलं आहे आणि आता काटा पुन्हा वर सरकायला लागला आहे, अशा लोकांसाठी हे लिहितो आहे. पहिल्या दोन महिन्यांचं पातळ, मग मऊ, मग घट्ट असं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं असतंच. ते पाळा. त्यावर मला वेगळं काही सांगायचं नाही.

माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं, ऑपरेशन नोव्हेंबर 2016 मध्ये झालं. वजन होतं 131 किलो. चौदा महिन्यांत 84 वर आलो. 2020 च्या दिवाळीत ते 96 झालं होतं. मग 87 पर्यंत खाली आणलं आणि तेव्हापासून दोन किलो इकडेतिकडे करत तिथेच टिकवलं आहे. नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, दिवसाचे दहा तास गल्ल्यावर बसून जातात. ओळखीतून ओळख निघत आता बरेच जण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दुकानात येऊन बसतात. थोड्या वेळाने सगळे एकाच प्रश्नावर येतात: पोट तर कापलं, मग खावंसं का वाटतं?

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक मेल्यासारखी होते. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात तो) आतड्यांतल्या संप्रेरकांचं गणित बदलतं, परिणाम साधारण तसाच. पण पुढे बऱ्याच जणांची भूक हळूहळू परत येते. आणि तोंड चाळवणं तर कधी गेलेलंच नसतं, फक्त सुरुवातीला ते ऐकू येत नाही. बहुतेकांचं वजन वर्ष ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी सर्वांत खाली पोचतं आणि त्यानंतर थोडं वाढतं. थोड्या वाढीला घाबरू नका. ती थोडीच राहावी म्हणून काय करायचं, ते सांगतो.

1. ताटात आधी प्रथिनं

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 ते 20, वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅमच्या आसपास. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर.

2. जेवताना पाणी नाही

जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. सोडा आणि कोल्ड्रिंक कायमचं बंद.

3. गोळ्या आयुष्यभर

बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. वर्षातून एकदा रक्त तपासा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणारे मी पाहिलेत. बी-12 ची कमतरता हातापायाला मुंग्या येऊ लागल्यावर कळते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

4. पाच वाजता काय करायचं

सगळ्यांची गाडी इथेच अडते. माझी चार वर्षं अडली होती.

आधी माझं काय झालं ते सांगतो. दुकानात चहा येतो, प्रत्येकाच्या दुकानात येतो. गल्ल्याच्या खालच्या खणात चिवड्याचं पाकीट असायचं. नाशिककराच्या घरी आणि दुकानी चिवडा असतोच, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. ऑपरेशननंतर पहिलं वर्ष मी त्या खणाला हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी चहाबरोबर एक मूठ खाल्ली. काही झालं नाही. पोट दुखलं नाही, उलटी नाही, जडपणा नाही. दुपारी अर्धी भाकरी खाल्ली तरी छातीत दाटणारा माणूस मी, आणि चिवडा आरामात गेला. मला वाटलं, म्हणजे हा मला चालतो.

तो चालत नव्हता, सटकत होता. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. अंडं, पनीर, चिकन, उसळ असा घट्ट घास लहान जठरात थांबतो, जठराची भिंत ताणते आणि पोट भरल्याचा निरोप जातो. चिवडा, फरसाण, खारी, टोस्ट, बिस्किटं चावली की पीठ होतात. वरून चहा घेतला की ते धुऊन पुढे जातात. पोट भरत नाही, म्हणून पोट थांबवतही नाही. आइस्क्रीम, मिल्कशेक, साखरेचा चहा यांचंही तसंच. ऑपरेशनने दिलेला एकमेव पहारेकरी म्हणजे ते लहान जठर, आणि हे पदार्थ त्याच्या शेजारून निघून जातात.

आता हिशेब करा. पोह्यांच्या तळलेल्या चिवड्यात 100 ग्रॅमला 500 च्या आसपास कॅलरी असतात. माझी मूठ 25 ग्रॅमची, दुकानातल्याच टपालाच्या काट्यावर मोजली आहे. दोन मुठी म्हणजे 250 कॅलरी. रोज एवढ्या जास्तीच्या गेल्या, तर महिन्याकाठी किलोभर चरबीचा हिशेब होतो. प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ चालत नाही, पण दिशा हीच. मी जेवणात काहीच वाढवलं नव्हतं. घरी बायको ताट बघायची आणि म्हणायची, तुम्ही तर चिमणीएवढं खाता. ताटाबाहेरचं तिला दिसत नव्हतं, आणि ते मी मोजत नव्हतो.

वजन 96 झाल्यावर दोन वर्षांनी पुन्हा आहारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय खाता? मी नेहमीची यादी सांगितली, चिवडा सोडून. मग त्यांनी विचारलं, शेवटचं कधी खावंसं वाटलं, किती वाजता? मी पटकन बोलून गेलो, काल पाचला. परवा? पाचला. त्याच्या आदल्या दिवशी? तेव्हाही पाचला. त्या काही बोलल्या नाहीत, कागदावर 5 लिहून त्याला गोल केला.

म्हणून पहिलं काम: 100 पानी वही घ्या आणि आठ दिवस तीन रकाने भरा. किती वाजता, काय, आणि कुठे होतो. कॅलरी लिहू नका, वजन लिहू नका. आठव्या दिवशी एक-दोन वेळा आणि एक-दोन जागा आपोआप समोर येतात. कुणाची रात्री साडेदहाची असते, टीव्हीसमोर. सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राची रात्रपाळी सुटल्यावरची पहाटेची होती. तुमची तुम्ही शोधा, दुसऱ्याची उसनी घेऊ नका.

दुसरं काम त्या वेळेच्या आधी. माझी खा-खा पाचची, म्हणून मी साडेचारला खातो. दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ. भूक असो वा नसो. दुपारचं जेवण एक वाजता मूठभर झालेलं असतं, पाचपर्यंत त्या पोटाला खरी भूकही लागलेली असू शकते, आणि खरी भूक आणि तोंडाची चटक एकत्र आल्या तर माणूस हरतो. त्यातली भूक साडेचारलाच मिटवून टाकायची.

तिसरं काम त्या क्षणाचं. खावंसं वाटलं की स्वतःला विचारा: आत्ता समोर उकडलेलं अंडं ठेवलं तर खाशील? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, अंडं खा. अंडं नको, चिवडाच हवा, असं उत्तर आलं तर ती तलफ आहे, आणि तलफ फार वेळ टिकत नाही. मी गल्ला मुलाकडे देतो, होळकर पुलापर्यंत चालत जातो, गोदावरीकडे बघत पाच मिनिटं उभा राहतो आणि परत येतो. वीस-पंचवीस मिनिटं जातात. परत आल्यावर दहातल्या आठ वेळा चिवड्याची आठवण राहत नाही. उरलेल्या दोन वेळा राहते. तेव्हा मी वाटीत काढून, मोजून, बसून, चहाशिवाय खातो आणि वहीत लिहितो. पाकिटात हात घालून कधीही नाही.

चौथं, खण रिकामा करा. "घरात असू द्या, मनावर ताबा ठेवा" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मनावर ताबा ठेवता आला असता तर 131 किलो झालोच नसतो, आणि ते वजन माझ्या आळसाने वाढलं असंही मी आता मानत नाही. वजनामागे अनुवंश असतो, संप्रेरकं असतात, झोप असते. दहा फुटांवरचा चिवडा आणि दहा इंचांवरचा चिवडा यांत मात्र फरक पडतो, आणि ते अंतर ठरवणं माझ्या हातात आहे.

चहाचंही ऐका. दिवसात सहा कटिंग घेत असाल तर पाच-सहा चमचे साखर सहज पोटात जाते. मी दोनवर आलो, बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस अवघड गेले, आता गोड चहा घशाखाली उतरत नाही.

एक धोक्याची गोष्ट. एका सकाळी ग्राहकाने आणलेली जिलेबी मी साडेदहाला खाल्ली, चार वेढे. बारा वाजता गल्ल्यावर दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, नोटा मोजता येईनात. वाटलं, अशक्तपणा आहे, म्हणून आणखी गोड खाल्लं. दुपारी पुन्हा तेच. गोड झपाट्याने आतड्यात उतरतं, शरीर जरुरीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली कोसळते. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. असं झालं तर साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर लगेच थोडं ग्लुकोज घ्या आणि मागून पनीर किंवा अंड्यासारखं काही खा, नाहीतर तीच फेरी पुन्हा सुरू होते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कळवायला अजिबात उशीर करू नका.

5. रविवारची मिसळ

मिसळ सोडा असं मी नाशिकमध्ये कुणाला सांगणार नाही, कुणी ऐकणारही नाही. मटकी चांगली आहे. गडबड पावाची, फरसाणाची, तर्रीतल्या तेलाची आणि शेजारच्या जिलेबीची. ऑर्डर देतानाच सांगा: फरसाण नको, पाव नको, दही जास्त. मटकी आणि दही सावकाश खा, रस्सा चमच्याने चवीपुरता. ताटात पाव आला की हात जातो, म्हणून तो येऊच द्यायचा नाही. शिवाय पाव नीट चावला गेला नाही तर गोळा होऊन अडकतो, आणि तो त्रास चार मित्रांसमोर नको.

6. उपास

साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, वर तूप, आणि ती सटकते. उपास करायचाच असेल तर दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा यांवर करा. निर्जळी पहिल्या वर्षात मुळीच नको.

7. दारू

आपल्या जिल्ह्यात द्राक्षं आहेत, वायनरी आहेत, पाहुणे आले की तिकडे चक्कर होते. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, बायपासनंतर तर विशेष. खाण्याची सवय सुटली आणि तिची जागा ग्लासाने घेतली, असं घडतं. माझ्या ओळखीत एकाचं घडलं. कुणाला ग्लास पुढे सरकताना दिसला तर त्याला एकट्याला सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

8. चालणं

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चाळीस मिनिटं, आणि आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलणं, स्नायू राहावेत म्हणून.

9. काटा आणि फोन

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. रोज नाही. सर्वांत कमी वजनापेक्षा तीन किलो वर गेलं की वही पुन्हा सुरू करा. महिन्यात खाली आलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

"पाच दिवस फक्त पातळ घ्या, जठर पुन्हा आखडतं" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. जठर असं आखडत नाही. पाच दिवस उपाशी राहून सहाव्या दिवशी माणूस खणाकडेच जातो, मी गेलो आहे. वजन फार वाढलं असेल तर आता इंजेक्शनं आहेत, काहींना दुसरं ऑपरेशनही करतात. तुम्हाला काय लागू पडेल ते डॉक्टर तपासून ठरवतील.

मी मात्र दोन वर्षं गेलोच नाही. वाढलेलं वजन घेऊन त्या काट्यावर उभं राहायची लाज वाटत होती, ऑपरेशनचा खर्च वाया घालवला असं वाटत होतं. तीन किलोला गेलो असतो तर तीनच उतरवायचे होते. मी बाराला गेलो. तिथे कुणी मला रागावलं नाही. तुम्ही जाल तेव्हा ती वही बरोबर न्या, आणि चिवड्याचं पान फाडू नका.