मधुमेहाची आणि वजनाची औषधं परवडत नसतील तर काय करावं?

औषधांचं बिल हातात पडलं की पहिला विचार येतो दुकान बदलायचा. पण मोठी बचत होते ती त्याआधी, चिठ्ठी लिहिली जाते तिथे. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. औषधाचं मूळ नाव शोधा

पाकिटावर ठळक अक्षरांत कंपनीने दिलेलं ब्रँडचं नाव असतं आणि बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव. ते बारीक नाव वहीत उतरवून घ्या. उदाहरणार्थ, ओझेम्पिक आणि वेगोवी या दोन्ही ब्रँडच्या इंजेक्शनांत सेमाग्लुटाइड हेच औषध असतं. पहिलं मधुमेहासाठी, दुसरं वजनासाठी मंजूर झालं. विमा कंपनी अनेकदा मधुमेहासाठी पैसे देते आणि वजनासाठी नाकारते, त्यामुळे तुम्हाला मधुमेह असेल तर चिठ्ठीवर तसं निदान स्पष्ट लिहिलेलं हवं.

२. डॉक्टरांना पैशाचं सांगा

हे सांगायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. माझी मावशी गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून एक दिवसाआड घ्यायची आणि कुणाला बोलली नाही. साखर उतरेना. डॉक्टरांना वाटलं औषध कमी पडतंय, त्यांनी आणखी एक गोळी वाढवली. शेवटी मी तिचा गोळ्यांचा डबा उघडला, तर सोमवार-बुधवार-शुक्रवारचे कप्पे भरलेलेच होते.

"महिन्याला मला एवढेच जमतील, यात बसेल असं काय आहे?" हा प्रश्न आकडा सांगून विचारा. मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे आणि त्याची जेनेरिक गोळी (म्हणजे तेच औषध, पण मूळ ब्रँडच्या नावाशिवाय) सगळ्यात स्वस्त औषधांपैकी एक. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडही स्वस्त. मात्र त्यांनी साखर फार खाली जाऊ शकते, ते समजून घ्या. सिटाग्लिप्टिन आणि डापाग्लिफ्लोझिनची जेनेरिक रूपं आता बऱ्याच देशांत मिळतात. इन्सुलिन घेत असाल तर जुन्या प्रकारचं 'ह्यूमन इन्सुलिन' चालेल का, हे विचारा. ते नव्या प्रकारांपेक्षा बरंच स्वस्त असतं, पण घेण्याची वेळ आणि मात्रा बदलते, त्यामुळे तो बदल स्वतःच्या मनाने कधीही करू नका.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर महाग औषधाला खरंच कारण असू शकतं. तेही विचारा.

३. वर्षाचा हिशेब मांडा

वजनाच्या इंजेक्शनांत इथेच फसगत होते. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि साधारण दर चार आठवड्यांनी वाढवतात. पहिल्या महिन्याची किंमत धरून बसाल तर पुढे अडकाल. औषध थांबवल्यावर वजन परत येतं. एका मोठ्या चाचणीत घटलेल्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. तीन महिन्यांपुरतेच पैसे असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. रोज टोचायच्या लिराग्लुटाइडची जेनेरिक काही देशांत २०२४ पासून मिळू लागली. तिने वजन सेमाग्लुटाइडपेक्षा कमी उतरतं. सेमाग्लुटाइडचं पेटंटही (इतर कंपन्यांना ते बनवू न देणारा हक्क) काही देशांत २०२६ पर्यंतचंच आहे, त्यामुळे दर काही महिन्यांनी किंमत पुन्हा विचारत राहा.

४. मग दुकानं फिरा

तीन-चार ठिकाणी तेच मूळ नाव, तीच ताकद सांगून भाव घ्या. सरकारी दवाखाना, विमा, औषध कंपनीची सवलत योजना, सगळीकडे चौकशी करा. दोन औषधांची एकत्र गोळी असेल तर सुट्या गोळ्यांची बेरीज करून बघा. कधी हे स्वस्त पडतं, कधी ते.

५. फार स्वस्त दिसलं तर थांबा

बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. चिठ्ठी न मागणारा विक्रेता, घरी कालवायची पावडर, पाकिटावर नसलेला बॅच क्रमांक, यातलं एकही दिसलं तर घेऊ नका. इंजेक्शनची न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. गोठलेलं औषध फेकायचं. सुई बदलली तरी एक पेन दोघांनी वापरायचं नाही.

आणि पैसे अगदीच संपले, इन्सुलिन संपत आलं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, नाहीतर थेट सरकारी रुग्णालय गाठा. टाइप १ मधुमेहात (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) इन्सुलिन एक-दोन दिवस जरी चुकलं तरी जिवावर बेतू शकतं.