घरी वेब सर्व्हर ठेवताय? आधी अपलोड विचारा

जाहिरातीच्या फलकावरचा '२०० एमबीपीएस' (सेकंदाला २०० मेगाबिट) हा आकडा विसरा. तो डाउनलोडचा असतो. साइट बघणारा जे उतरवून घेतो, ते आपल्या बाजूने अपलोड असतं. 'फायबर घे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांना अपलोड किती मिळतं एवढंच विचारा, गप्प बसतात.

मशीन, लिनक्स, डोमेन तयार आहे असं धरतो.

गरज काढा

इथे मी तोंडावर आपटलोय. मंडळाच्या गणपतीच्या फोटोंची साइट घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ठेवली होती. लाइन डाउनलोडला १०० एमबीपीएस, अपलोडला १०. पानावर ३० फोटो, मोबाइलमधून काढले तसेच, एकेक ४ एमबीचा. विसर्जनाच्या रात्री लिंक ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत फोन सुरू: 'अरे, नुसतं गोल फिरतंय!' वर घरातलं नेटही बसलं, आईची मालिका अडकली ती वेगळीच. अपलोडची वाट तुंबली, की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत उभ्या राहतात.

हिशोब मी रात्री दोनला केला, आधी करायला हवा होता. पान १२० एमबीचं. फाइल बाइटमध्ये मोजतात, लाइन बिटमध्ये, म्हणून गुणिले ८: ९६० मेगाबिट. १० च्या लाइनवर एका माणसाला ९६ सेकंद, तेही तो एकटाच असेल तर!

म्हणून लाइन वाढवण्याआधी पान हलकं करा. फोटो दीडशे केबीचे केले, पान साडेचार एमबीवर आलं, म्हणजे ३६ मेगाबिट. त्याच लाइनवर साडेतीन सेकंदांच्या आसपास. खर्च शून्य.

दुसरी चूक सरासरीची. 'दिवसाला दोन हजार वेळा पान उघडतं' म्हटलं की सरासरी ४३ सेकंदाला एकदा पडतं, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण लोक सरासरीने येत नाहीत, लिंक पडली की झुंडीने येतात. सगळ्यात गर्दीची दहा मिनिटं धरा. तेवढ्यात ३०० जण आले, तर दोन सेकंदाला एक. ३६ मेगाबिट भागिले २, म्हणजे १८ एमबीपीएस. लाइन काठोकाठ भरू देऊ नका, दीडपट धरा: २७. मी ३० च्या खाली घेणार नाही, आणि हे ३० अपलोडचे.

कंपनीला विचारा

अपलोड किती, ते लेखी घ्या. फायबरच्या बऱ्याच प्लॅनांत दोन्ही बाजू सारख्या असतात, केबलवाल्याकडे सहसा नसतात. डेटा मर्यादा विचारा, ती संपल्यावर वेग किती उरतो तेही. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालतो का, हेही आताच विचारा, नंतर भांडण नको.

पत्ता तपासा

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला इंटरनेटचा पत्ता) आणि बाहेरच्या साइटला दिसणारा आयपी एकच आहे का बघा. वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. कितीही वेग घ्या, बाहेरून आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वर कोणी थेट आत येणार नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता मागा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण आधीच धरून चाला. ८० आणि ४४३ ही पोर्ट (वेबसाइटची नेहमीची दारं) कंपनीकडून उघडी आहेत ना, तेही तेव्हाच विचारा.

मोजा

लॅनच्या केबलने मोजा, वायफायवर नाही. रात्री आठ ते अकरा, सलग चार दिवस. दुपारी दोनची चाचणी शेजाऱ्याला दाखवायला ठीक. २०० चा प्लॅन घेऊनही आकडा ९४ वर अडकत असेल, तर कंपनीशी वाद घालण्याआधी राउटरचं केबल लावायचं पोर्ट बघा, बहुतेक ते १०० चंच असतं. हा फोन मी दोनदा केलाय, दोन्ही वेळा चूक माझीच होती.

बदला

डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) नव्या लाइनवर जाण्याच्या आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. ओएनटी (घरात फायबर जोडलेला असतो तो डबा) आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. जुनी लाइन महिनाभर बंद करू नका. नवी लाइन पहिल्या पावसात कशी वागते, ते बघून घ्या.