इपेच्या टेबलटॉपचा सुटलेला जोड : माझा अनुभव

सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात इपे लाकडाच्या टेबलटॉपचा जोड उघडला, तर दोष बहुधा लाकडाचा नसतो. ब्राझीलकडचं हे लाकूड पाण्यात बुडण्याइतकं घट्ट, त्यात तेलकट. पांढरा गोंद आत मुरतच नाही. सुटलेला जोड नखाने खरवडून पाहिला तर गोंदाची पापडी अख्खी निघाली, लाकडाचा एक धागाही तिला चिकटलेला नव्हता.

भेगेत लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही. जोड पूर्ण सोडवला, दोन्ही कडांवर रंधा मारून नवं लाकूड काढलं, 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. मग तेल काढायला पांढऱ्या कापडाने अ‍ॅसिटोन पुसलं, कापड पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) लावायची, नाहीतर तेल परत वर येतं. क्लॅम्प बेताने आवळा. जास्त दाबलं की इपॉक्सी सगळी बाहेर. 24 तास हात लावू नका.

दुसरं कारण खाली होतं: टॉप फ्रेमला स्क्रूने पक्का जखडलेला. 600 मिमी रुंदीच्या टॉपच्या ओलाव्यात 5 टक्के फरक पडला, तर तो 6 ते 8 मिमी फुगतो किंवा आकसतो. म्हणून मधला स्क्रू पक्का, बाकीच्यांना फ्रेममध्ये 5 बाय 13 मिमीची लांबट भोकं. 8 नंबरच्या स्क्रूसाठी आधी 3.2 मिमीचं भोक पाडाच, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. पितळी स्क्रूचा तर विचारच नको.

भुसा पिवळसर असतो, घशाला झोंबतो. मास्क लावा. धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की भुशाचे लाल डाग पडतात, फरशी आधीच झाडून घ्या.