दहा शेअर असले तरी कंपनीला विचारता येतं, सूत कुठून आणलं?

आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत आदल्या सांजेला घरोघरी जाऊन बायांना विचारावं लागतं, उद्या येता का म्हणून, अन् किलोमागचा भाव पटला नाही तर त्या सरळ दुसऱ्याच्या वावरात जातात. आपल्याला राग येतो, पण तो त्यांचा हक्क आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मजुराला हे 'नाही येत' म्हणताच येत नाही. 2017 पासून तिथं उइगुर आणि इतर मुस्लिम लोकांना मोठ्या संख्येनं कॅम्पमध्ये कोंडलं, शिवाय सरकारी योजनेच्या नावाखाली त्यांना वावरात, सूतगिरणीत, कारखान्यात कामाला पाठवतात, आणि नकार दिला तर कट्टर म्हणून शिक्का बसायची भीती. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा त्या एका प्रांतात पिकतो, सोलर पॅनलला लागणाऱ्या पॉलिसिलिकॉनचाही मोठा वाटा तिथलाच. म्हणजे अंगातला शर्ट अन् वावरातला सौर पंप, दोन्हीपर्यंत हे पोचतं.

आता गावातल्या बऱ्याच पोरांच्या मोबाईलवर शेअरचं डीमॅट खातं आहे, कपड्याच्या नाहीतर सोलरच्या कंपनीचे पाच-दहा शेअर असतात. एक शेअर असला तरी तुम्ही सभासद, प्रश्न विचारू शकता आणि मत देऊ शकता. म्युच्युअल फंड असेल तर मत फंडवाले देतात, पण आता त्यांना मत देणं बंधनकारक आहे आणि कुठं काय मत दिलं ते जाहीर करावं लागतं, म्हणून पत्र त्यांना टाका.

आधी कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा. मार्केट कॅपनं (शेअरच्या एकूण बाजारभावानं) वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून त्यात बीआरएसआर नावाचा, म्हणजे धंदा जबाबदारीनं कसा चालवला हे सांगणारा, भाग द्यावाच लागतो, त्यातलं तत्त्व 5 मानवी हक्कांचं. इथं नीट बघा, कारण कंपनी स्वतःच्या प्लांट अन् ऑफिसांची तपासणी दाखवते, पण माल पुरवणाऱ्यांची तपासणी पुढच्या ऐच्छिक भागात असते आणि तिथं बऱ्याचदा मोघम लिहिलेलं किंवा काहीच नसतं. तुमचा प्रश्न तिथूनच निघतो.

मी पहिल्या वर्षी चुकलो. मेलमध्ये विचारलं, 'तुमच्या मालात जबरी मजुरी आहे का?' उत्तर आलं, आमचं धोरण कडक आहे, आम्ही असं काही खपवून घेत नाही. झालं, पुढं विचारायला जागाच राहिली नाही. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारूच नका, माल कुठून आला ते विचारा. असं लिहा: 'गेल्या आर्थिक वर्षात घेतलेला कापूस, सूत आणि कापड कोणत्या देशांतून आलं, चीनमधलं असेल तर कोणत्या प्रांतातून, आणि जिनिंगपर्यंत मागे जाऊन तुम्ही ते कसं तपासता?' सोलर कंपनी असेल तर पॅनल कुठं जोडलं हे विचारून काही होत नाही, पॅनलमधला सेल देशी असला तरी त्याच्या मागचं वेफर (सेल ज्याच्यावर बनतो ती पातळ चकती) आणि पॉलिसिलिकॉन बहुतेक बाहेरून येतं, म्हणून वेफर कोणाचं अन् त्यातलं पॉलिसिलिकॉन कोणत्या कारखान्यातलं ते विचारा.

'आमचं ऑडिट झालंय' असं सांगितलं तर थांबू नका. 2020 मध्येच बऱ्याच मोठ्या ऑडिट कंपन्यांनी शिनजियांगमध्ये काम करणार नाही असं सांगितलं, कारण तिथला मजूर पाळतीत असताना खरं बोलणार कसा. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना माहीत असलेल्या बेटर कॉटन या कापसाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनंही त्याच वर्षी तिथलं काम थांबवलं. आणि आता तिथला बराच कापूस मशीननं वेचतात, त्यामुळे नुसतं 'वेचणी मशीनची आहे' हे उत्तरही पुरत नाही, सूतगिरणी अन् शिलाईच्या कारखान्यांचंही विचारा. एवढं मागे जाऊन तपासणं जमत नाही असं म्हणाले तर कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडची आठवण द्या, त्याच्या गाठीला क्यूआर कोड असतो, त्यावरून गाठ कुठली ते कळतं.

कंपनीला फक्त माणुसकी सांगू नका, तोटाही दाखवा. अमेरिकेत 21 जून 2022 पासून कायदा लागू आहे, शिनजियांगचा माल जबरी मजुरीचाच धरतात, तसा नाही हे आयात करणाऱ्यानं सिद्ध करायचं. मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडहून आलेला मालही अमेरिकेच्या कस्टमनं अडवलाय. युरोपचा जबरी मजुरीचा कायदा डिसेंबर 2027 पासून लागू होतोय. निर्यात करणाऱ्या कंपनीचा सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा) हे वाक्य दोनदा वाचतो.

मेल कंपनी सेक्रेटरीला करा, पत्ता एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, नोटिशीत असतो. नोटीस सभेच्या किमान 21 दिवस आधी येते, त्यात 'स्पीकर' म्हणून नाव नोंदवायची शेवटची तारीख असते, ती गेली की बोलता येत नाही. बऱ्याच सभा आता व्हिडिओवर होतात, तेव्हा मुंबईला जायची गरज नाही, पण नेटवर्क असलेल्या जागी बसा, मी तालुक्याला मित्राच्या दुकानात बसतो. दोन-तीन मिनिटं मिळतात, लिहून काढा.

मग ई-व्होटिंग. ते किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद होतं, एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. दरवर्षी काही डायरेक्टर पुन्हा निवडून यायला उभे असतात, कंपनीनं आधीच्या मेलला उत्तरच दिलं नसेल तर मी त्या ठरावाला विरोध करतो, आणि का केला ते सेक्रेटरीला कळवतो.

स्वतःचा ठराव मांडायचा तर आपल्या कायद्यात मतदानाच्या भांडवलाचा दहावा हिस्सा हाताशी लागतो, आपल्यासारख्याला ते शक्य नाही. अमेरिकेत तीन वर्षं 2000 डॉलरचे शेअर धरले तरी ठराव देता येतो, ॲपलच्या 2022 च्या सभेत जबरी मजुरीबद्दल अहवाल मागणारा ठराव पडला, तरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मतं त्याच्या बाजूनं गेली होती. आपल्याला प्रश्न आणि मत एवढंच, म्हणून दोन्ही नीट वापरायचे.

आलेलं उत्तर जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्यातलंच वाक्य घेऊन विचारायचं. मार्चअखेर हिशोब बंद करणाऱ्या कंपन्यांच्या सभा बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, तेव्हा आपण फवारणी-निंदणीत असतो, म्हणून पोळ्याच्या आधीच मेल टाकून ठेवा.