मायामीत क्लबात जाणार असाल तर: क्युबन डान्सरांबद्दल ऐकलेलं डोक्यातून कसं काढायचं

गुहागर, दापोली, राजापूर, मालवण, कुठेही जा, क्रूझवर काम करणारा एखादा तरी पोरगा गावात असतोच, आणि शिमग्याला नायतर गणपतीला ही पोरं घरी आली की रात्री ओट्यावर मायामीच्या गोष्टी सुरू होतात. त्यात स्ट्रिप क्लब असतो, म्हणजे बायका कपडे उतरवत नाचतात तो, आणि क्लबात क्युबन डान्सर असतेच. क्युबन म्हणजे लय गरम, नाच त्यांच्या रक्तातच, अमेरिकेत राहायच्या कागदांसाठी गळ्यात पडतात, मला तर माय लव्ह म्हणाली, वगैरे वगैरे. ऐकणारा पोरगा नवीन, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) नुकतीच हातात आलेली, तो हे सगळं खरं मानून विमानात बसतो. त्याच्यासाठी हे लिहितोय. मी आधी हाऊसकीपिंगला आणि मग रेस्टॉरंटला बरीच वर्षं काढलीत, आमची शिप मायामीलाच लागायची, त्यामुळे ह्या गोष्टी सांगणारेही बघितलेत आणि ह्या गोष्टींपायी पगार उडवणारेही बघितलेत.

क्लबात जावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण गेलात तर समोरची बाई तिथे कामाला आलीय हे पहिल्या मिनिटापासून डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्याच्यातूनच येतं.

आधी तिचं काम कसं चालतं ते समजून घ्या

आपल्या पोरांच्या डोक्यात पनवेल साईडचे डान्स बार असतात. साडी नेसलेली बाई, गाणं, उडणाऱ्या नोटा. ते बार २००५ ला सरकारने बंद केले, २००६ ला हायकोर्टाने बंदी उठवली, २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं, मग परत नवीन कायदे, आणि २०१९ ला कोर्टाने सांगितलं की टिप द्या पण पैसे उधळायचे नाहीत. तो सगळा हिशोब तिकडे चालत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच क्लबात डान्सरला पगारच नसतो. तिला नोकर धरतच नाहीत, कॉन्ट्रॅक्टवाली धरतात, म्हणजे उलट तीच क्लबला भरते. शिफ्टला आली की हाऊस फी द्यायची, रात्रीच्या शेवटी डीजेला द्यायचे, बाउन्सरला द्यायचे, ड्रेसिंग रूम सांभाळणारी बाई असते तिला द्यायचे. त्यामुळे मंगळवारची रिकामी रात्र असेल तर चार-पाच तास उभी राहून ती खिशातले घालून घरी जाऊ शकते. ह्याच्यावरून तिकडे कोर्टकचेऱ्या झाल्यात, युनियन पण झाल्यात, लॉस एंजेलिसच्या एका क्लबातल्या डान्सर २०२३ ला नाटकवाल्या कलाकारांच्या युनियनमध्ये गेल्या. हे एवढं कळलं की 'क्युबन पोरी पैशाच्या मागे असतात' ह्या वाक्यात काही उरतच नाही. पैशासाठीच आलीय ना ती, तुम्ही नाय का घरदार सोडून डॉलरसाठी आलात?

म्हणून साधे नियम. स्टेजजवळच्या खुर्चीत बसलात तर एक-एक डॉलरच्या नोटा जवळ ठेवा आणि प्रत्येक गाण्याला टिप द्या, फुकट बघायचं असेल तर मागच्या टेबलावर बसा, तिथे कोणी काही म्हणत नाही. हात लावायचा नाही, ती स्वतः हात धरून कुठे ठेव म्हणाली तरच, आणि तेवढाच. प्रायव्हेट डान्सचा रेट गाण्यावर असतो, बसायच्या आधी विचारा, किती गाणी ते पण आधीच ठरवा, कारण एक गाणं संपून दुसरं लागलेलं कळत नाही आणि शेवटी वाद होतो. कार्ड काढू नका. एटीएम आतच असतं आणि त्याचा चार्ज तोंडात मारल्यासारखा असतो, तेव्हा घालवायची तयारी असेल तेवढी कॅश घेऊन जा आणि कार्ड केबिनमध्ये ठेवा. मोबाईल खिशात. फोटो काढताना दिसलात तर बाउन्सर समजावत बसणार नाही.

'मी अमोर' म्हणाली म्हणजे काय

ह्याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण आपली पोरं इथेच अडकतात. क्युबन लोकांच्या बोलण्यात मी अमोर (स्पॅनिशमध्ये 'माझं प्रेम'), मी विदा ('माझं आयुष्य'), पापी ('बाबा', लाडाने), हे शब्द दिवसभर असतात. खात्री करायची असेल तर क्लबात जायच्या आधी सकाळी लिटल हवानाला, म्हणजे मायामीतल्या क्युबन वस्तीत जा. काये ओचो म्हणून रस्ता आहे, आठवी गल्ली, तिथे कॉफीच्या दुकानांना रस्त्याच्या बाजूला खिडकी असते, तिला वेंतानिता म्हणतात. कोलादा मागा. थर्माकोलच्या एका कपात काळी, साखर फेटून केलेली कॉफी आणि वर बोटाएवढे प्लास्टिकचे छोटे कप मिळतात, सगळ्यांनी वाटून प्यायची. देणारी बाई साठीची असेल, चष्मा लावलेली, सुट्टे मोजता मोजता म्हणेल, काय देऊ मी अमोर? तुमच्या मागच्या पोस्टमनला पण तेच म्हणेल. हर्णैच्या लिलावात मासेवाली 'ये माझ्या राजा, सुरमई बघ' म्हणते तेव्हा कोणी लग्नाचा विचार करत नाही ना, तसंच हे.

तर तीच भाषा रात्री क्लबात अंधारात ऐकली की गिऱ्हाईकाला वाटतं ही माझ्यासाठीच बोलली. वर ती हसते, नाव लक्षात ठेवते, मागच्या वेळी आईला बरं नव्हतं ना विचारते. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण हे कामातलं आहे. आपण डायनिंगला काय करतो? टेबल नंबर बाराच्या आजीचं नाव पाठ, तिला डिकॅफ लागते ते पाठ, पाय दुखत असला तरी हसायचं, आणि शेवटच्या रात्री कमेंट कार्डवर आपलं नाव लिहितील म्हणून देवाला हात जोडायचे. आर्ली हॉकशिल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी १९८३ मध्ये एअर होस्टेसच्या कामावर लिहून दाखवलं की हसरा चेहरा ठेवणं, समोरच्याला बरं वाटू देणं हे पण श्रमच आहेत आणि ते विकले जातात. जहाजावरचा कोणीही हे न वाचता सांगेल. प्रवासी म्हणतात, इंडियन लोक किती प्रेमळ, कायम हसतात, स्वभावच असतो त्यांचा. तेव्हा आपल्याला आत कसं होतं ते आठवा, आणि मग 'क्युबन बायका स्वभावानेच तशा' हे बोलायच्या आधी थांबा.

तिने हसून बोलल्यावर काय करायचं? छान बोला, हसा, टिप द्या. नंबर मागू नका, शिफ्ट किती वाजता सुटते विचारू नका, पार्किंगमध्ये थांबू नका. खरं नाव विचारू नका, स्टेजचं नाव तिने मुद्दाम घेतलेलं असतं, सेफ्टीसाठी.

ह्या समजुती आल्या कुठून

कोणी अनुभवातून काढलेल्या नाहीत, विकल्या गेल्यात. १९व्या शतकात क्युबाच्या राजधानीत, हवानात, सिगारेटच्या पाकिटांवर रंगीत चित्रं छापलेली असायची, त्यात मिश्र वंशाच्या बाईची गोष्ट असायची, सुंदर, नटवी, पुरुषाला नादी लावणारी आणि शेवटी वाईट गत होणारी. म्हणजे अमेरिकन टुरिस्ट यायच्या आधीपासून हे चालूच. मग १९३९ ला ट्रॉपिकाना कॅबरे सुरू झालं, १९५०च्या दशकात कॅसिनो आले, मेयर लान्स्कीसारख्या माफियावाल्याने डिसेंबर १९५७ ला रिविएरा हॉटेल उघडलं, आणि फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेलं बेट अमेरिकन पुरुषांना मौजेची जागा म्हणून दाखवलं गेलं. १ जानेवारी १९५९ ला फिडेल कॅस्ट्रोची क्रांती झाली, कॅसिनो गेले, पण ते चित्र गेलं नाही. पुढे सोव्हिएत युनियन कोसळल्यावर १९९०च्या दशकात क्युबात खायचे वांधे झाले, टुरिस्टांच्या मागे जाऊन काही बायकांना पोट भरावं लागलं, आणि बघणाऱ्यांनी ती उपासमार पण स्वभावात जमा केली. मला सगळ्यात राग ह्याचाच येतो.

'नाच रक्तातच' हे कौतुक वाटतं पण ते कौतुक नाही, त्यात तिची मेहनत खाऊन टाकलेली असते. क्युबाचं बॅले जगात नावाजलेलं आहे, अलिशिया अलोन्सो बाईंनी १९४८ ला कंपनी काढली, नजर जवळजवळ गेलेली असताना नाचत राहिल्या आणि मुलं शिकवून शिकवून तयार केली. रक्तावर भागत असतं तर शाळा कशाला काढली असती? क्लबातली बाई शाळेत शिकलेली असेल नायतर नसेल, पण पोल, म्हणजे स्टेजवरच्या खांबावर नाचणं, हा व्यायामच आहे. स्टेजवर आल्या आल्या ती आधी फडक्याने आणि स्प्रेने पोल पुसते, ते नीट बघा, कारण आधीच्या डान्सरचा घाम किंवा लोशन राहिलं तर हात सटकून डोक्यावर पडायची. नडगीवर, मांडीच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग असतात, मेकअपने झाकलेले. सात-आठ इंचाच्या टाचांवर हे सगळं. छान नाचली तर 'हे शिकायला किती वेळ लागला?' असं विचारा, तुमची क्युबन लोकं काय नाचतात असं नको.

आणि ती क्युबन आहेच कशावरून? हायलिया नावाचं मायामीला लागून शहर आहे, तिथे बहुतेक वस्ती क्युबन मूळ असलेल्यांची, तिथे जन्मलेल्या मुलीने क्युबा बघितलेलाही नसतो. दुसरी वेनेझुएलाची असेल, होंडुरासची असेल, क्युबन सांगितल्यावर गिऱ्हाईक खूश होतो म्हणून सांगत असेल. तिची खरी गोष्ट खोदायला जाऊ नका. फक्त ज्ञान पाजळताना सांबा ब्राझीलचा, बाचाता डॉमिनिकन, टँगो अर्जेंटिनाचा एवढं तरी लक्षात असू द्या. रुम्बा मात्र क्युबाचा, २०१६ ला युनेस्कोच्या यादीत गेला, आणि तो हवाना-मातान्सासच्या गरीब काळ्या वस्त्यांमधून आलेला आहे.

काळ्या म्हणण्यावरून आठवलं. आपली पोरं काळ्या डान्सरला बघून म्हणतात, ही कुठली क्युबन, क्युबन गोऱ्या असतात. अरे, तिथे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून माणसं आणून राबवली, गुलामी संपली १८८६ ला. १८४७ पासून चिनी मजूर पण नेले, हवानात आजही चायनाटाऊन आहे. काळी, गोरी, चिनी डोळ्यांची, सगळ्याच क्युबन. गोरेपणाचं खूळ आपण गावातून बॅगेत भरून नेतो, ते घरीच ठेवा.

कागदांची गोष्ट

'लग्न करून कागद करायला बघतात.' हे ऐकून मला पोरांची कीव येते. आपण सी वन डी व्हिसावर (खलाशांचा व्हिसा), शोअर लिव्हवर, म्हणजे काही तासांच्या सुट्टीवर उतरलेले, आपल्याकडे कोणाला द्यायला कसले कागद आहेत? वर क्युबन लोकांसाठी अमेरिकेत १९६६ पासून वेगळा कायदा आहे, रीतसर आत घेतलेल्याला एक वर्ष राहिल्यावर ग्रीन कार्डला अर्ज करता येतो, त्यासाठी लग्नाची गरज नाही. पण अलीकडे नियम आवळलेत, पुष्कळांचे अर्ज अडकलेत, त्यामुळे तिच्यासमोर इमिग्रेशनचा विषय मस्करीत पण काढू नका. १९८० ला मारिएल बंदरातून बोटींनी सव्वा लाखाच्या आसपास माणसं फ्लोरिडाला आली. क्युबन घरात एखादं तरी माणूस मागे राहिलेलं असतं, त्याला पैसे पाठवायचे असतात. घरी पैसे पाठवणं म्हणजे काय ते कोकणातल्या पोराला सांगायला नको. बेटावर काय चाललंय, कॅस्ट्रो चांगला की वाईट, हे प्रश्न तर अजिबात नकोत, तिकडे ह्यावरून भावंडं बोलायची थांबलीत.

वेळ आणि दारू

जहाजावर परतायची वेळ मोबाईलवर शिप टाइमप्रमाणे लावा, क्रू आयडी आणि लँडिंग परमिट आतल्या खिशात. एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या ट्रेनिंगचा आंतरराष्ट्रीय करार) च्या २०१० च्या मनिला सुधारणांनंतर ड्युटीवरच्या खलाशाला रक्तात ०.०५ टक्क्यांची मर्यादा आहे, कंपन्या त्याहून कडक असतात. गँगवेवर (जहाजात चढायच्या शिडीवर) दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावतात. तिथे सापडलात की नोकरी गेली, सीडीसी असून उपयोग नाही.

नुसता क्युबन नाचच बघायचा असेल तर क्लबची गरजच नाही. काये ओचोवर संध्याकाळी लाइव्ह बँड असतो, आजी-आजोबा उठून नाचतात, मार्चमध्ये तर तिथे मोठा उत्सव भरतो, १९८८ ला एक लाख एकोणीस हजारांवर माणसांची कोंगा लाईन (एकामागे एक धरून नाचायची रांग) तिथेच लागली होती. तिथे कोणाला नाचायला बोलवायचं तर हात पुढे करायचा, नो ग्रासियास म्हणाली तर मान हलवून बाजूला व्हायचं, परत विचारायचं नाही.

आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी 'क्युबनचा किस्सा सांग' म्हणाला, तर हाऊस फीचं सांगा, पोल पुसायचं सांगा, कॉफीच्या खिडकीचं सांगा. तिचं नाव, क्लबचं नाव, तिने आईबद्दल किंवा पोराबद्दल सांगितलेलं काही असेल तर ते ग्रुपवर टाकू नका.