गणित अडलं, तर विचारायचं कसं?

संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या इमारतीतली नववी-दहावीची चार-पाच मुलं वह्या घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. हा क्लास नव्हे, फी नाही. शेंगदाणे मिळतात एवढंच. त्यातल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, हे येत नाहीये." आणि माझं दुसरं वाक्य, "यातलं काय येत नाहीये?" इथे शांतता पसरते. ती शांतता मोडता आली की निम्मं काम झालेलं असतं, म्हणून हा लेख तिथूनच सुरू करते.

आधी वही उघडा, फोन नंतर

गणित अडलं की ते स्वच्छ पानावर पुन्हा उतरवून काढा. नुसतं वाचू नका, लिहा. दिलेल्या गोष्टी एका बाजूला, काढायची गोष्ट दुसऱ्या बाजूला. शाब्दिक उदाहरण असेल तर एक वेडीवाकडी आकृती काढाच. मग जमेल तिथपर्यंत सोडवा आणि जिथे पेन थांबलं तिथे आडवी रेघ मारा. त्या रेघेखाली एक वाक्य लिहा, "इथपर्यंत कळलं, पुढे अमुक कळत नाही." वीस मिनिटं द्या. त्याहून जास्त वेळ एकाच ओळीकडे बघत बसण्यात अर्थ नाही, आणि दोन मिनिटांत हात टेकण्यातही नाही.

हे वाक्य लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. मागच्या वर्षीचं एक उदाहरण सांगते. वर्गसमीकरणांचा धडा चालू होता. गणित असं: नदीच्या प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर. एक होडी प्रवाहाच्या दिशेने २४ किलोमीटर गेली आणि तेवढंच अंतर परत आली. एकूण ६ तास लागले. तर संथ पाण्यात होडीचा वेग किती?

मुलाने उत्तर काढलं होतं ताशी ८. पाठीमागच्या उत्तरसूचीत ९. तो वैतागला होता, "पुस्तकच चुकलंय." वहीत बघितलं तर फक्त एक ओळ: ४८ भागिले ६ बरोबर ८. मी म्हटलं, प्रवाहाचे ३ कुठे गेले? तो शांतपणे म्हणाला, "जाताना ३ वाढले, येताना ३ कमी झाले. कटले ना!"

बघा, या मुलाला वर्गसमीकरण उत्तम सोडवता येत होतं. त्याला पूर्ण उत्तर करून दिलं असतं तर त्याने ते मुकाट्याने उतरवून घेतलं असतं, आणि "कटले ना" हा समज डोक्यात तसाच राहिला असता. मी फक्त एवढंच सांगितलं की तुझा ८ खरा धरून जाताना आणि येताना किती तास लागतात ते वेगवेगळं काढ. जाताना २४ भागिले ११, म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. येताना २४ भागिले ५, म्हणजे ४.८ तास. बेरीज जवळपास ७. तो थबकला. "म्हणजे उलटं येताना जास्त वेळ त्या प्रवाहाशी झगडावं लागतं, म्हणून कटत नाही!" मग पुढचं त्यानेच केलं: २४ भागिले (एक्स + ३), अधिक २४ भागिले (एक्स – ३), बरोबर ६. त्यावरून एक्स वर्ग वजा ८ एक्स वजा ९ बरोबर ०. एक्सची किंमत ९ किंवा –१. वेग ऋण नसतो म्हणून –१ सोडला. हे "म्हणून" वहीत लिहायचं मात्र तो विसरलाच. पेपरात पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा कारण लिहीत चला.

मग कोणाला गाठायचं

सगळ्यांत आधी पुस्तकालाच. हसू नका. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक सरावसंचाआधी सोडवलेली उदाहरणं असतात, आणि मुलं ती ओलांडून थेट सरावसंचावर उडी मारतात. अडलेल्या गणितासारखं दिसणारं सोडवलेलं उदाहरण शोधा, त्याचं उत्तर हाताने झाका आणि एकेक ओळ उघडत जा. बऱ्याचदा काम इथेच होतं.

सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी एक युक्ती. गणित-विज्ञानाची पुस्तकं ई-बालभारतीवर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांत फुकट उतरवून घेता येतात, आणि सरावसंचांचे क्रमांक दोन्हींत जुळतात. इंग्रजी वाक्य डोक्यावरून गेलं तर तोच प्रश्न मराठी पुस्तकात काढून वाचा. निम्म्या वेळा अडचण गणिताची नसतेच, भाषेची असते. पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात. खान अकॅडमीवरही मराठीत बरंच काही आहे. व्हिडिओ बघताना वही उघडी नसेल तर तो नुसता करमणुकीचा कार्यक्रम होतो, एवढं लक्षात ठेवा.

मग वर्गातला मित्र किंवा मैत्रीण. वर्गात पहिला येणाराच हवा असं नाही. ज्याला हाच धडा गेल्या आठवड्यात अडला होता आणि आता सुटला, तो सगळ्यांत चांगलं समजावतो.

शाळेतल्या सरांना, बाईंना विचारायची पुष्कळांना भीती वाटते. तास संपल्याची घंटा झाल्यावर दारात गाठू नका, तेव्हा त्यांनाही पुढच्या वर्गावर पळायचं असतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, "बाई, उद्या मधल्या सुट्टीत दोन मिनिटं हवी आहेत, भूमितीतलं एक प्रमेय अडलंय." अडलेलं पान वहीत खुणेसह तयार ठेवा. रेघ मारून आणलेलं पान बघून रागावलेल्या बाई मी तरी पाहिलेल्या नाहीत.

व्हॉट्सॲपवर विचारताना

नुसता प्रश्नाचा फोटो आणि खाली "प्लीज सॉल्व्ह" असा मेसेज टाकला, तर एकतर उत्तर येत नाही किंवा कोणीतरी गाईडचं पान पाठवतं. दोन्हींचा उपयोग सारखाच. फोटो दोन काढा: एक प्रश्नाचा, एक तुमच्या अर्धवट सोडवलेल्या पानाचा. उजेडात काढा, पानावर हाताची सावली नको. आणि असं काही लिहा:

"दहावी, बीजगणित, वर्गसमीकरणांचा धडा, होडीचं उदाहरण. जातानाची वेळ मांडली. येतानाच्या वेळेत तीन वजा का करायचे ते कळत नाही. पूर्ण उत्तर नको, फक्त ही पायरी सांगा."

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. समोरच्यालाही हायसं वाटतं, कारण पायरी सांगायला एक मिनिट लागतं, पूर्ण गणित टाइप करायला पंधरा.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आणि एआय चॅटबॉट यांनाही हेच सांगता येतं: उत्तर देऊ नकोस, माझी चूक कोणत्या ओळीत आहे तेवढं सांग. पण ते चुकतात, आणि चुकताना आवाज अगदी हेडमास्तरांचा असतो. भूमितीच्या आकृतीत तर कोणता कोन कुठला, याचा घोळ हमखास घालतात. म्हणून मिळालेलं उत्तर मूळ गणितात घालून बघितल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. होडीचा ९ घालून बघा: २ तास आणि ४ तास, झाले ६.

विज्ञानाची गणितं जरा वेगळी

इथे सूत्र पाठ असतं, आणि तरी उत्तर चुकतं. भिंगाचं घ्या. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू १५ सेंटिमीटरवर. प्रतिमा ३० सेंटिमीटरवर यायला हवी. एका मुलीचं उत्तर आलं ६. सूत्र बरोबर होतं, एक छेद व्ही वजा एक छेद यू बरोबर एक छेद एफ (व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय अंतर). पण वस्तूचं अंतर तिने उणे १५ ऐवजी अधिक १५ घेतलं होतं. कार्टेशियन चिन्ह संकेतात वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवतात, म्हणून यू ऋण.

त्यात तिच्या बाबांनी भर घातली. त्यांना शाळेतलं सूत्र आठवत होतं ते "अधिक" चिन्हाचं, आणि त्यांचं उत्तर बरोबर ३० आलं! घरात अर्धा तास वाद. सूत्र दोघांचंही बरोबर होतं. बाबांच्या पद्धतीत वस्तूचं अंतर धन धरतात, इतकंच. तेव्हा घरच्या मोठ्यांची मदत जरूर घ्या, पण चिन्हं आणि मांडणी सध्याच्या पुस्तकातली ठेवा. विज्ञानाचा प्रश्न विचारताना एककंही लिहून पाठवा. मिनिटांचे सेकंद करायचे राहिले, एवढीच चूक कितीदा तरी निघते.

मदत मिळाल्यानंतर

कळलं असं वाटलं की वही मिटा आणि कोऱ्या पानावर तेच गणित कोणाकडे न बघता करा. अडलात, तर ते कळलं नव्हतं. नुसतं पटलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा करा. अशा गणितांसाठी मागची आठ-दहा पानं राखून ठेवा आणि शेजारी चूक काय होती ते एका ओळीत लिहा. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं पुस्तक चाळण्यापेक्षा ही पानं वाचलेली बरी.

घरात कोणाला दहावीचं गणित येत नसलं तरी अडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एकीची आई भाकऱ्या थापताना तिला गणित मोठ्याने वाचायला लावते आणि मध्येच विचारते, "म्हणजे काय गं?" आईला समजेल असं सांगता सांगता मुलीलाच आपली चूक सापडते.

आणि जमलंच तर आकडे बदलून बघा. तो होडीवाला मुलगा आठवड्याने आला तेव्हा त्याने स्वतःच प्रश्न आणला होता, "काकू, प्रवाहाचा वेगही ताशी ९ असता तर?" मी म्हटलं, तूच सांग. त्याने वहीत बघितलं, मग छताकडे. "येतानाच्या वेळेत छेदात शून्य येतंय," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "म्हणजे होडी जागची हलणारच नाही ना? परतच येणार नाही."