रात्री दीडला लागणारा चित्रपट कसा गाठायचा

आमच्या घरात रिमोट माझ्या हाती येतो तो रात्री साडेअकरानंतर, सगळे झोपल्यावर. त्यामुळे प्राइम टाइमबद्दल मी बोलू नये हेच बरं. पण दुपारी अडीच आणि रात्री दीड या दोन वेळा मला पाठ आहेत, आणि फारसे कुणी न पाहिलेले चांगले चित्रपट बहुतेक तिथेच सापडतात.

रविवारी आठवड्याचं वेळापत्रक आणि पेन्सिल घेऊन बसा. नावांकडे नंतर वळा, आधी लांबी बघा. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत ६५ ते ८० मिनिटांचं काही दिसलं की खूण करा. एकेकाळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाच्या जोडीला असे आटोपशीर चित्रपट काढले जायचे. पैसा थोडा, जाहिरात नाही, मोठे तारे नाहीत. त्यात भरताड भरपूर होतं, खोटं कशाला बोलू! पण पाल्हाळ लावायला वेळच नसल्यामुळे काहींना जी धार आली ती अडीच तासांच्या भव्य चित्रपटांना येत नाही.

याच मापाचा 'द सेट-अप' (१९४९) कुठे लागलेला दिसला तर सोडू नका. ७२ मिनिटांचा. उतारवयाला लागलेला मुष्टियोद्धा, आणि त्याने हरायचं म्हणून पैसे घेऊन बसलेला त्याचाच मॅनेजर. गंमत म्हणजे हे त्या बिचाऱ्याला सांगितलेलंच नाही, तो जिंकायला उतरतो. गोष्ट जितका वेळ चालते तितकाच वेळ पडद्यावर जातो. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावरचं घड्याळ दिसतं, ते ताडून बघा. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. पुढे १९६५ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' केला तोच. म्हणून वेळापत्रकात दिग्दर्शकाचं नाव दिलं असेल तर हिरोच्या आधी ते वाचा. खाली छापलेल्या एका ओळीच्या कथासारावर मात्र विश्वास ठेवू नका, पुष्कळदा तिथे शेवटच फोडलेला असतो.

आता थोडं गणित. चित्रपट ९२ मिनिटांचा आणि वाहिनीने जाहिरातींसकट दीड तासच दिला असेल, तर कात्री लागलेली आहे. तो नाद सोडा. पण १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपला म्हणून लगेच भांडू नका. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, बऱ्याच देशांतलं टीव्ही प्रसारण २५ च्या हिशोबाने चालतं. त्यामुळे सगळं किंचित भरभर पळतं. कापलेलं काही नसतं.

रेकॉर्डिंग लावणार असाल तर तारीख दोनदा तपासा. 'शनिवारी रात्री दीड' म्हणजे कॅलेंडरवर रविवार. मी एकदा शुक्रवारची मध्यरात्र पकडली आणि सकाळी चहाचा कप घेऊन व्यायामाच्या यंत्राची जाहिरात बघत बसले, दोन तासांची. शेवटाला १५ मिनिटं जास्तीची ठेवा. आधीचा कार्यक्रम लांबला की आपला शेवट जातो, आणि रहस्यपटाचा शेवट गेला की उरतं काय?

टीव्हीची सेटिंग्जही बघून घ्या. चित्र गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करा, तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तर येऊ द्या. जवळजवळ चौकोनी चित्र झूम करून रुंद पडदा भरला की वरखालचा मिळून सुमारे पाव भाग उडतो. आमच्याकडे यावरून वाद होतात. "एवढा मोठा टीव्ही घेतला कशाला?" वगैरे. रात्री दीडला तो प्रश्न येत नाही.

आणि दिवे घालवा. 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५) बघताना तर नक्कीच. चार्ल्स लॉटन या नटाने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तेव्हा तो आपटला आणि त्याने पुन्हा दिग्दर्शन केलं नाही. त्यात पळून आलेली दोन मुलं गोठ्याच्या माळ्यावर झोपलेली असतात. मुलाला दुरून गाण्याचे सूर ऐकू येतात. तो उठून बघतो तर क्षितिजावरून घोड्यावर बसलेली एक काळी आकृती सावकाश सरकते आहे. हे सगळं स्टुडिओत उभारलेलं. अंतर खरं वाटावं म्हणून छायालेखक स्टॅन्ली कॉर्टेझने तिथे बुटक्या माणसाला तट्टावर बसवलं होतं. हे माहीत असूनही माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. पण खोलीत ट्यूबलाइट चालू असली तर पडद्यावर नुसता करडा पट्टा दिसतो, आणि तो माणूस कुठून कुठे गेला तेच कळत नाही.